जुन्या फियाटचे ब्रेक सुधारणे हा गुन्हा ठरू नये

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या रॅलीवर सविस्तर लेख आला होता. छायाचित्रे सुंदर होती आणि आपल्या वृत्तपत्रात फियाटला एवढी जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. लेखाच्या शेवटी मात्र लेखकांनी एक खंत मांडली आहे. हल्ली बऱ्याच फियाट आणि ॲम्बॅसिडर गाड्यांचे ब्रेक आणि सस्पेन्शन बदललेले असतात, अशा गाड्या अस्सल राहत नाहीत, म्हणून आयोजकांनी त्यांना रॅलीत घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मत मला मान्य नाही. ते छापून आल्यामुळे काही तरुण मालक ब्रेकचे आवश्यक काम टाळतील अशी भीती वाटते, म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर माफ करावे. विषय जिवाचा आहे.

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिक व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे मुलांना हे काम शिकवणारा प्रशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. घरी १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. वडिलांची कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत होती. त्या काळी गाडी घ्यायची म्हटले की ॲम्बॅसिडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेरल्ड एवढ्यातच निवड करायची, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघायची. वडिलांनी ती दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. आईचे माहेर देवरुखकडचे, त्यामुळे या गाडीने आंबा घाट पाहिला नाही असे एकही वर्ष गेले नाही. आजही मी तिच्यातून मंडईत जातो, लग्नाकार्याला जातो, घाट उतरून देवरुखला जातो. पांघरूण घालून ठेवलेली ही गाडी नव्हे, त्यामुळे ब्रेकचा विचार मला दर पावसाळ्याआधी करावाच लागतो.

ज्या वाचकांना ही गाडी फक्त मुंबईची काळी-पिवळी म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९६४ पासून डिलाइट, पुढे १९७० च्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी, अशी तिची नावे बदलली. सांगाडा तोच राहिला. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढच्या चाकांना दोन-दोन विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग ॲक्सल (दोन चाके जोडणारा दांडा) आणि पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला आतून दाबून थांबवणारे. माझ्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) एकच आणि त्यातून निघणारी ब्रेक ऑइलची वाटही एकच. म्हणजे चारांपैकी एका चाकाचा पाइप फुटला किंवा चाकातल्या एका व्हील सिलिंडरचे रबर फाटले तर चारही चाकांचा ब्रेक जातो. मागे उरतो तो हँडब्रेक आणि चालवणाऱ्याचे नशीब.

१९६७ साली ही मांडणी वाईट नव्हती. तेव्हाचा पुणे-बंगळूर रस्ता दुभाजक नसलेला होता, ताशी ५०-६० हा आमचा वेग, आणि पुढे असलेली बैलगाडी किंवा मालट्रक आमच्यापेक्षाही उशिरा थांबत असे. आज त्याच रस्त्याला चार आणि काही ठिकाणी त्याहून जास्त पदर आहेत. पुढची गाडी डिस्क ब्रेकची (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारे ब्रेक) आहे आणि एप्रिल २०१९ पासून विकली गेलेली असेल तर तिच्यात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा, असणारच, कारण तेव्हापासून ते सक्तीचे आहे. ती तिच्या ताकदीने थांबते. तिच्या मागे असलेल्या फियाटने कसे थांबायचे? धडक टाळायची तर १९६७ च्या गाडीला आजच्या गाडीमागे थांबता आले पाहिजे.

वर्गात मी मुलांना एक हिशेब करायला लावत असे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा चौपट होते, हे पुस्तकात असतेच. घाटाचा हिशेब मात्र पुस्तकात क्वचित येतो. गाडी १०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती ताशी ८० किलोमीटरवरून चार वेळा पूर्ण थांबण्याएवढी असते. गाडी हलकी असो की जड, हे प्रमाण बदलत नाही. गणित मांडले की वजन दोन्हीकडून कटते. त्यातला काही भाग इंजिन आणि हवा घेतात, म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचे. उरलेले सगळे ड्रमच्या लोखंडात उष्णता होऊन साठते. ड्रम हा बंद डबा आहे. आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि घाट तो वेळ देत नाही.

मग दोनपैकी एक गोष्ट होते. दोन्हींचे लक्षण वेगळे असते आणि प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला ते ओळखता आले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचे अस्तर, तापून त्याची पकड कमी होणे. यात पेडल पायाला घट्ट लागते, पाय जोर करतो, पण गाडी मंदावत नाही. करपल्याचा वास येतो. शिवाय तापलेला ड्रम फाकतो, शूपासून थोडा दूर जातो, त्यामुळे पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबावे, ड्रमवर पाणी मारू नये, आपोआप निवू द्यावे. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. ब्रेक ऑइल उकळते, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल मऊ होऊन थेट फळीला टेकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, हे अनेकांना माहीत नसते. नव्या डॉट ३ (ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. तेच ऑइल ओलावा शोषून ओले झाले की मानकाप्रमाणे १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कोकणातल्या पावसाळ्यात दोन वर्षे काढलेले ऑइल कोणत्या अवस्थेत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. दोन्ही एकाच जातीची आहेत, त्यामुळे डॉट ४ वर जाणे ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात कधीही मिसळू नये.

आता लेखकांच्या अस्सलपणाच्या मुद्द्याकडे येतो. माझ्या मते ब्रेकच्या कामाची पहिली पायरी अस्सलच असली पाहिजे. डिस्क बसवायला आलेल्या दहांतल्या बहुतेक फियाट मुळात दुरुस्तीअभावी थांबत नसतात. माझ्याकडे कोणी आले की मी आधी चारही ड्रम उघडायला सांगतो. ड्रमला आतून कड आलेली असेल तर लेथवर फिरवून घ्यायचा. आमच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम उत्तम होते. पण एका ॲक्सलवरच्या दोन्ही ड्रमचा व्यास सारखा ठेवायला हवा, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. आणि ड्रम कितीही वेळा फिरवता येत नाही. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि जास्त फाकतो. नवे लायनर लावल्यावर ते ड्रमच्या गोलाईला घासून बसवावे लागतात, तसे केले नाही तर फक्त मधली पट्टी टेकते आणि मालक म्हणतो नवे लायनरही धरत नाहीत. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हे मी प्रत्येक तुकडीला घसा कोरडा होईपर्यंत सांगितले आहे, कारण उडवलेली धूळ शेजारी काम करणाऱ्या पोराच्या फुप्फुसात जाते.

यानंतर रबराचे होज, म्हणजे चाकापर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचीक नळ्या. हा भाग बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजलेला असतो. पाय मारला की ऑइल जोराने पुढे जाते, पाय काढला की परत येत नाही. चाक धरून राहते, ड्रम तापतो, आणि माणूस व्हील सिलिंडर बदलत बसतो. जुन्या गाडीचे तिन्ही-चारही होज एकदम बदलावेत. त्यात काटकसर करू नये.

सुटे भाग मिळणे ही आता खरी अडचण झाली आहे. जोवर मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हवे ते मिळे. गाडीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि २० वर्षांची मर्यादा भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आपल्याकडेही त्या दिवशी भावपूर्ण बातमी आली होती. टॅक्सी गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुट्या भागांची रोजची मागणीही गेली. आता फियाटचा म्हणून जो मास्टर सिलिंडर मिळतो त्याच्या आतले रबर कोणत्या दर्जाचे आहे ते चालवल्यावरच कळते. अशा वेळी चालू उत्पादनातला, चांगल्या कंपनीचा दुसऱ्या गाडीचा भाग नीट जुळवून बसवणे जास्त सुरक्षित ठरते. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घ्यावी.

माझ्या गाडीत मी एकच मोठा बदल केला आहे आणि तो प्रत्येक फियाटवाल्याने करावा असे मला वाटते. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढच्या चाकांची वाट वेगळी केली आणि मागच्यांची वेगळी. एक वाट फुटली तरी दुसरी शिल्लक राहते. अमेरिकेत १९६८ पासून अशी विभागणी सक्तीची आहे. म्हणजे माझ्या गाडीच्या जन्मानंतर वर्षभरात जगाने जे आवश्यक मानले ते करायला आपण साठ वर्षे लाजायचे का? काम अवघड नाही, पण जबाबदारीचे आहे. सिलिंडरचा व्यास मूळच्याइतकाच घ्यावा. मोठा घेतला तर पेडल कडक होते आणि पायाला जोर जास्त लागतो, लहान घेतला तर पेडल खोल जाते. पेडलपासून पिस्टनपर्यंतच्या दांड्याला किंचित मोकळीक ठेवावी, नाहीतर ऑइल परत टाकीत जात नाही आणि ब्रेक हळूहळू आपोआप धरतो. पाइप नवे, जोड नवे, आणि हवा काढताना घाई नको. गाडीच्या बाह्यरूपात यातले काहीही दिसत नाही.

पुढच्या चाकांना डिस्क बसवणे ही त्याच्या पलीकडची पायरी. मी तिच्या विरोधात नाही. डिस्क उघड्यावर असतात, वाऱ्याने लवकर निवतात, पाण्यातून गेल्यावर लगेच कोरड्या होतात. पण ज्यांना वाटते की डिस्क म्हणजे जुन्या गाडीवर आजचे कलम, त्यांनी तारखा पाहाव्यात. जग्वारने डिस्क ब्रेक लावून १९५३ ची ल मान्सची शर्यत जिंकली. सित्रोएन डीएसला १९५५ पासून पुढे डिस्क होत्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, इटलीत खुद्द फियाटने १९६६ साली आपल्या ११०० ला पुढे डिस्क लावून ११०० आर हे रूप बाजारात आणले. आपल्याकडे ते आले नाही, डिलाइटच्या ड्रमवरच आपण पुढची तीन दशके काढली. तेव्हा या गाडीला डिस्क लावणारा माणूस फियाटच्याच अभियंत्यांच्या निर्णयामागून चालला आहे.

विरोध आहे तो अर्धवट कामाला. पुढे डिस्क लावताना मूळ मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर एक घोटाळा होतो. ड्रम ब्रेकच्या वाटेत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते, ती शूला ड्रमजवळ ठेवते. तोच दाब डिस्कच्या पॅडवर राहिला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते, आणि ज्या कारणासाठी खर्च केला तेच कारण वाढते. दुसरी बाब पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. मागची चाके आधी अडकली तर गाडी फिरते, पावसात तर निश्चित फिरते. म्हणून बदल केल्यावर मोकळ्या, ओल्या जमिनीवर, कमी वेगात कोणते चाक आधी अडकते ते बाहेरून कोणीतरी पाहिले पाहिजे. तिसरी बाब ब्रॅकेटची. कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) धरणारी पट्टी हे या सगळ्या कामाचे हृदय आहे. ती कापून जोडलेल्या पत्र्याची नको, पूर्ण जाडीच्या पोलादातून घडवलेली हवी, आणि तिचे बोल्ट योग्य दर्जाचे हवेत. आणि पेडलचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरबद्दल एक गैरसमज दूर करतो: बूस्टरने ब्रेकची उष्णता झेलण्याची ताकद वाढत नाही, फक्त पायाचा जोर वाचतो. एकच वाट असलेल्या जुन्या पाइपांवर बूस्टर लावणे मला अजिबात पसंत नाही. जीर्ण रबरावर आपण दाब वाढवतो.

सस्पेन्शनविषयी लेखात फार लिहिलेले नाही, मीही थोडक्यात लिहितो, पण ब्रेकपासून ते वेगळे काढता येत नाही. जे चाक उडते आहे ते रस्त्यावर नाही, आणि जे रस्त्यावर नाही ते थांबवू शकत नाही. शॉकअप (चाकाच्या उड्या जिरवणारा भाग) गेलेल्या गाडीला कितीही चांगले ब्रेक लावा, खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर अंतर वाढणारच. या गाडीच्या पुढच्या चाकांना किंगपिन (ज्यांवर चाक डावीकडे-उजवीकडे वळते त्या उभ्या पिना) आहेत, त्यांना वेळेवर ग्रीस लागते. ग्रीस विसरले की पिन आणि बूश झिजतात, आणि ब्रेक मारताना चाक आपली दिशा सोडते. मालक म्हणतो ब्रेक ओढतोय. ओढत असतो किंगपिन. मागच्या पाट्यांना आपल्याकडे माल वाहायला जादा पाटा घालायची सवय आहे. त्याने गाडी वर उचलली जाते आणि मागची चाके उड्या मारू लागतात. त्यापेक्षा मूळचे पाटे सोडवून, साफ करून, पुन्हा कमान देऊन घ्यावेत, पाटे गाडीला जोडणाऱ्या शॅकलचे बूश नवे टाकावेत. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून पुढची कॉइल कापणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, ते करू नका. विशबोनचे कोन बिघडतात, चाकाला हलायला जागा उरत नाही, आणि ती सुधारणा म्हणून कोणी दाखवत असेल तर लेखकांची टीका तिथे योग्य ठरते. टायरबाबत एकच सांगतो: मूळचे ५.२०-१४ मापाचे नायलॉन टायर काढून रेडियल घालायचे तर चारही घाला. एकाच ॲक्सलवर एक असा आणि एक तसा, हे कधीही नको.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरच्या गाड्यांसाठी हे हवेच होते, माझा त्याला पाठिंबा आहे. पण आरसी बुकात इंजिन आणि चेसिसचे नंबर, सीसी, रंग, आसने, वजन असे रकाने असतात. ब्रेक ड्रमचा की डिस्कचा, वाट एक की दोन, याचा रकाना नसतो. मग दोन कप्प्यांचा सिलिंडर हा ‘बदल’ धरायचा की दुरुस्ती? याचे लेखी उत्तर मला कुठेही मिळालेले नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने एकाच पद्धतीने दोन फियाटचे काम केले. एका जिल्ह्यात नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकांनी कौतुक केले, दुसऱ्या जिल्ह्यात आक्षेप घेऊन गाडी परत पाठवली. त्या मालकाने शेवटी जुना सिलिंडर परत बसवून गाडी पास करून घेतली. म्हणजे सरकारी तपासणीत पास व्हावे म्हणून गाडी आधीपेक्षा कमी सुरक्षित करावी लागली. याचे मला अतोनात दुःख आहे.

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली, अशी ती व्याख्या आहे. तिथेही ब्रेक आणि सस्पेन्शनचा उल्लेख नाही, आणि माझ्या वाचनाप्रमाणे ते मुद्दामच वगळले असावेत. नोंदणी शुल्क २० हजार आणि नोंदणी दहा वर्षांची. पण या नोंदणीची गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. माझ्यासारख्या मंडईत आणि देवरुखला जाणाऱ्याला ती सोय नाही, म्हणून मी दर पाच वर्षांनी साधे नूतनीकरणच करतो. ज्यांची गाडी रोज चालते त्यांनाच ब्रेकची सर्वाधिक गरज आहे आणि नियमांनी नेमके त्यांनाच संदिग्धतेत ठेवले आहे.

परदेशी उदाहरण द्यायचे तर ब्रिटनचे देतो. तिथे चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र गाडीत मोठा बदल केलेला असेल तर सूट जाते. मोठा बदल कशाला म्हणायचे याची तिथे लेखी सूची आहे, आणि ॲक्सल व चालत्या भागांमध्ये सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा मोठा बदल धरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जर्मनीत तीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऐतिहासिक क्रमांक मिळतो, आणि गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत प्रचलित असलेले बदल तिथे चालतात. त्या मापाने फियाटची डिस्क सहज बसते.

फार लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे सीएनजी किटची पद्धत आहेच. किट मान्यताप्राप्त, बसवणारा अधिकृत, आणि बसवल्यावर आरसीवर नोंद. पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था अशा किटची चाचणी घेतात. इंधनाची टाकी आणि दाबाखालचा गॅस गाडीत बसवायला आपण वाट काढू शकलो, तर ब्रेकसाठी का नाही? स्वयंचलित तपासणी केंद्रांवर रोलर ब्रेक टेस्टर आहेत. त्यावर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर देतो आणि डाव्या-उजव्यात फरक किती, हे कागदावर छापून येते. परिवहन विभागाने एका पानाचे परिपत्रक काढावे: तीस-चाळीस वर्षांहून जुन्या खासगी गाडीत ब्रेकची वाट दुहेरी करणे, मान्यताप्राप्त कंपनीचे सिलिंडर, होज, डिस्क बसवणे, शॉकअप बदलणे, हे रोलर टेस्टरवर तपासून पास झाल्यास दुरुस्ती समजावे आणि आरसीवर तशी नोंद द्यावी. नवी यंत्रे लागत नाहीत, नवा कायदा लागत नाही. काम नीट न केलेली गाडी त्या टेस्टरवर आपोआप नापास होईल, आणि तशी ती व्हायलाच हवी.

रॅलीच्या आयोजकांनाही एक विनंती. दोन वर्षांपूर्वी एका रॅलीत माझ्या त्या विद्यार्थ्याच्या गाडीचे गुण कापले गेले, कारण बॉनेट उघडल्यावर परीक्षकांना दुहेरी टाकीचा सिलिंडर दिसला. शेजारच्या गाडीला रंग आणि क्रोमसाठी बक्षीस मिळाले. तिच्या मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचे ओघळ होते, ते खाली वाकून कोणी पाहिले नाही. ती गाडी तशीच घाट उतरून घरी गेली. गुणपत्रिकेत ब्रेकचा स्वतंत्र रकाना ठेवा. ब्रेक नापास असेल तर बाकीचे गुण मोजूच नका. बदल दडवला तर गुण कापा, पण मालकाने बदल सांगितला, काढलेला मूळ भाग जपून ठेवला आणि काम परत मूळपदावर नेता येण्यासारखे असेल, तर त्याला उणे करू नका. माझा मूळ मास्टर सिलिंडर ग्रीस लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. उद्या संग्रहालयाला गाडी द्यायची झाली तर तासाभरात बसेल.

पुढची रॅली आमच्याच भागात व्हायची आहे असे आपल्या लेखात म्हटले आहे. रॅलीच्या आदल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासून द्यायला मी आणि माझे पाच-सहा जुने विद्यार्थी यायला तयार आहोत, विनामूल्य. रोलर टेस्टरची सोय झाली तर उत्तमच. नाही झाली तर मोकळे मैदान, मोजपट्टी, चाकांना लावायचे ठोकळे आणि एक जॅक एवढे आयोजकांनी पुरवावे. आमचा निरोप आपल्या कार्यालयामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर